पॉईंट ठेवायचे की काढायचे?

लोधीखेडा मध्य प्रदेशात आहे, पण गाडीचा पार्ट हवा असला की इथला माणूस भोपाळकडे बघत नाही, जबलपूरकडेही नाही. सावनेरवरून सरळ नागपूर गाठतो. 1956 च्या ऑक्टोबरपर्यंत नागपूर हीच मध्य प्रदेशाची राजधानी होती. 1 नोव्हेंबरला नागपूर मुंबई राज्यात गेलं, सौंसर-पांढुर्णा इकडेच राहिले, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. कागदावर एवढी उलथापालथ झाली तरी बाजाराची वाट बदलली नाही.

या वाटेवरच्या मामा-भाच्यांचा वाद इथे मांडतो आहे. मामा जुने मिस्त्री. पेट्रोलच्या जीपा आणि ॲम्बेसेडर यांच्यावर त्यांचा जन्म गेला. भाचा नागपुरात नोकरीला, जुन्या गाड्यांचा शौकीन. वादाचं कारण 1967 सालची ॲम्बेसेडर मार्क-2. संत्र्याच्या एका जुन्या व्यापाऱ्याच्या वाड्यात ती कैक वर्षं ताडपत्रीखाली होती. आता घरच्यांना ती चालती करून हवी आहे. नवी बॅटरी लावली, सेल्फ फिरतो, कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल पोचतं, पण प्लगला करंट नाही. यात जुन्याचा कैवार भाच्याने घेतला होता आणि नव्याचा मामांनी.

भाचा: मामाजी, अजून काही तोडमोड करू नका. महिनाभर थांबा. सीबी पॉईंट, कंडेन्सर, रोटर, कॅप, सगळा ओरिजनल सेट मी शोधून आणतो. लुकास-टीव्हीएसचा, त्या काळच्या खोक्यातला.

मामा: खोकं लावाचं आहे का इंजिनले?

भाचा: खोकं नाही, माल. लुकास-टीव्हीएस 1961 मध्ये मद्रासला उभी राहिली, गाडी 1967 ची. त्या वेळी जे बसत होतं तेच पुन्हा बसलं पाहिजे.

मामा: अन् तो कंडेन्सर पन्नास वर्षं खोक्यात बसून ताजा राहिला असंन? पॉईंटचं सांगू नको. पॉईंट गंजला तं पॉलिश पेपर मारू, चकचकीत होते. कंडेन्सरले कोणता पेपर मारशील?

मामांचा हा मुद्दा पक्का आहे, आणि शौकीन लोक नेमका तोच विसरतात. जुन्या कंडेन्सरमध्ये धातूचा पातळ पापुद्रा आणि कागद यांची गुंडाळी असते. तिच्यात ओल शिरली की खोकं न उघडताही तो मरतो. वरून मात्र अगदी कोरा दिसतो. त्याचं काम काय ते सांगितल्याशिवाय पुढचं भांडण कळायचं नाही. बॅटरीचा बारा व्होल्टचा प्रवाह कॉईलमधल्या जाड तारेच्या वेटोळ्यातून पॉईंटमार्गे बॉडीला जातो. डिस्ट्रिब्युटरचा कॅम पॉईंट उघडतो, प्रवाह तुटतो, चुंबकीय क्षेत्र एकदम कोसळतं आणि बारीक तारेच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट उभे राहतात. रोटर आणि कॅप ते एक-तीन-चार-दोन या क्रमाने प्लगांना वाटून देतात. पॉईंट उघडताना प्रवाह त्या फटीतूनच उडी मारू पाहतो. ती उडी अडवतो कंडेन्सर. तो मेला की पॉईंट जळतात आणि प्लगला उरतो पिवळट, मरगळलेला करंट. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने 1910 च्या सुमारास कॅडिलॅक गाड्यांसाठी ही रचना बसवली आणि पुढची साठ-सत्तर वर्षं जगभरच्या पेट्रोल गाड्या तिच्यावरच चालल्या. इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्या घेत असलं तर चार सिलिंडरच्या गाडीत पॉईंट सेकंदाला शंभर वेळा उघडतात आणि मिटतात.

भाचा: मग कंडेन्सर नवा घेऊ. बाकीचं तरी जुनं?

मामा: नव्याचंही सांगतो. रोटर नवा आणला होता मागं एकाच्या गाडीले. थंडी असताना बरोब्बर. दहा-पंधरा किलोमीटर गेला की बंद. थंडी झाली की पुन्हा चालू. त्यानं कार्ब्युरेटर उघडला, पेट्रोलचा पंप बदलला. दोष रोटरचा.

भाचा: हो, हे वाचलंय मी. वरची पितळी पट्टी धरणारा रिव्हेट खालपर्यंत जातो आणि प्लास्टिक हलकं असतं. गरम झालं की करंट रिव्हेटमधून खालच्या शाफ्टला गळतो. इंग्लंडमध्ये लोकांनी याचा इतका त्रास काढला की तिथे रिव्हेट नसलेले लाल रंगाचे रोटर बनवायला लागले.

मामा: इंग्लंडले जाची गरज नाही. कॅप काढ, कॉईलची मधली वायर पक्कडीनं धर, रोटरच्या पितळेजवळ आण, कोणाले तरी सेल्फ मारायले लाव. ठिणगी पडली तं रोटर गळून राहिला, फेकून दे. नाही पडली तं बरा आहे. पक्कडीले रबर पाहिजे, नाही तं तूच नाचशील.

मोटारीच्या छापील पुस्तकात एवढी चांगली परीक्षा क्वचित सापडते. बाजारातून आणलेला प्रत्येक रोटर लावण्याआधी या परीक्षेला बसवावा, मग तो जुन्या खोक्यातला असो की नव्या पिशवीतला.

वाद आता पार्ट मिळतात कुठे, यावर गेला. भाच्याने सगळे बाजार पालथे घातले होते. नागपूरच्या जुन्या दुकानांचे माळे, पुण्याचा जुना बाजार, मुंबईचं कुर्ला, दिल्लीचं काश्मिरी गेट. त्याचं म्हणणं, ॲम्बेसेडरवाल्यांना फियाटवाल्यांपेक्षा बरे दिवस आहेत.

भाचा: ही गाडी मूळ मॉरिस ऑक्सफर्ड. इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सिरीज, 1489 सीसी. हेच इंजिन एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये होतं. त्याच घराण्याचं मोठं इंजिन एमजीबीमध्ये. त्या गाड्या तिकडे हजारोंनी सांभाळल्यात, म्हणून लुकासच्या डिस्ट्रिब्युटरचे पॉईंट, कॅप, रोटर आजही नव्याने बनतात. फक्त गाडीचं नाव सांगून मागायचं नाही. डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीवर मॉडेल आणि नंबर ठोकलेला असतो, तो वाचायचा. साठ वर्षांत कोणी कोणता डिस्ट्रिब्युटर बसवला असेल, सांगता येत नाही.

मामा: हे बरोबर बोलला. अन् फियाटचं काऊन बिघडलं, ते माहीत आहे का?

भाचा: प्रीमियरने कुर्ल्याचा कारखाना बंद केला म्हणून.

मामा: कारखाना बंद झाला तेव्हा बिघडलं नाही. टॅक्सी गेली तेव्हा बिघडलं.

इथे मला मामांची बाजू घ्यावीशी वाटते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या पद्मिनीचं, म्हणजे लोक जिला फियाटच म्हणत तिचं, उत्पादन या शतकाच्या उंबरठ्यावर थांबलं. तरी त्यानंतर वीस वर्षं मुंबईत तिचे पॉईंट आणि कॅप कोपऱ्याकोपऱ्यावर मिळत होते, कारण काळी-पिवळी टॅक्सी रोज धावत होती. सीएनजीवर गेली तरी धावत होती, आणि सीएनजीलाही ठिणगी लागतेच. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली. टॅक्सीला वयोमर्यादा वीस वर्षांची. त्या हिशेबाने 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी नाही. ज्या दुकानदाराचा पॉईंटचा डबा आठवड्यात रिकामा व्हायचा, त्याचा आता वर्षभरात अर्धा संपत नाही. तो दुसरा डबा कशाला मागवेल? पार्टाला जिवंत ठेवतो तो पोटासाठी गाडी चालवणारा. शौकीन माणूस वर्षाकाठी एक पॉईंट घेतो आणि त्यावरही घासाघीस करतो.

ॲम्बेसेडरची गोष्ट जरा वेगळी. उत्तरपाड्याचा कारखाना 2014 मध्ये थांबला. पण पेट्रोलची ॲम्बेसेडर त्याच्या कितीतरी आधी विरळ झाली होती, कारण लोकांनी तिच्यात डिझेल इंजिन घातलं. जीपचंही तेच झालं. डिझेलला ना प्लग, ना कॉईल, ना डिस्ट्रिब्युटर. इंजिन बदलताना हा सगळा संसार उचलून कोपऱ्यात टाकला जायचा.

भाचा: म्हणजे माल कबाड्याकडे असणार.

मामा: कबाड्याकडं नाही, त्यानं केव्हाच वितळवला. पितळ अन् ॲल्युमिनियम तो ठेवत नसते. ज्यानं इंजिन बदललं त्या मिस्त्रीच्या घरी पाह्य. खाटेखाली पत्र्याची पेटी असंन. माह्या घरीच तीन आहेत.

भाचा: तीन डिस्ट्रिब्युटर? आणि मी दिल्लीला फोन करून राहिलो!

मामा: तू मले विचारलं कुठं?

तीनपैकी एक जीपचा निघाला, दुसऱ्याची बॉडी तडकलेली होती, तिसरा जुळणारा. पण तो लावायला मामा तयार नव्हते. त्यांच्या डोक्यात पॉईंटच काढून टाकायचे होते.

मामा: पॉईंटच्या जागी ते इलेक्ट्रॉनिक बसव. रोटरच्या खाली चुंबकाची चकती, बाजूले डबी, दोन वायरी कॉईलले. झालं. पॉईंट नाही, कंडेन्सर नाही, फिलर गेज नाही. बाहेरून पाहणाऱ्याले कॅपच दिसते.

भाचा: मामाजी, हे तुम्ही म्हणता?

मामा: मीच म्हणतो. सिलेवानीच्या घाटात रात्री पावसात कंदील धरून पॉईंट घासले आहेत का तू? मी घासले. तुले ते कौतुकाचं वाटते, मले माह्या कमरेचं दुखणं आठवते. पॉईंटची फायबरची टाच झिजते, फट कमी होते, टायमिंग मागं पडते. गाडी चढावर दम टाकते. मंग मालक म्हणते, मिस्त्री, कालच तं केली होती.

भाचा: टाच झिजते कारण कॅमला ग्रीस लावत नाहीत. चिमूटभर ग्रीस आणि पंधरा थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फट, गाडी हजारो किलोमीटर कुरकुरत नाही. आणि पॉईंट मरताना आधी सांगतात. गाडी मिसिंग मारते, ओढ कमी होते, तरी घरी आणते. तुमची डबी मेली की जागच्या जागी मेली. घाटात ती उघडून काय घासणार?

मामा: जुने पॉईंट डिक्कीत ठेवाचे. डबी मेली तं दहा मिनिटांत पॉईंट चढवाचे.

भाचा: मग डिक्कीत ठेवण्यापेक्षा जागेवरच का नको?

यावर मामा हसले, पण हटले नाहीत. त्यांच्या बाजूने आणखी दोन गोष्टी बोलायला हव्यात, कारण डबी घेणारे हटकून तिथेच फसतात. ब्रिटिश घराण्यातल्या साठच्या दशकापर्यंतच्या पुष्कळ गाड्यांत बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली असते. ते न बघता नेहमीची डबी जोडली तर पहिल्याच चाबीला ती जळते. दुसरी गोष्ट कॉईलची. साधी बारा व्होल्टची कॉईल आतून साधारण तीन ओहम भरते. बॅलास्ट रेझिस्टरसाठी केलेली दीडच्या आसपास. दुकानदार दोन्हींना बारा व्होल्टचीच म्हणून देतो. दीडवाली रेझिस्टरशिवाय लावली तर पॉईंटही जळतात, डबीही तापते, आणि दोष कंपनीला लागतो. मीटर लावून ओहम मोजल्याशिवाय कॉईल विकत घेऊ नये.

भाच्याने मग कायदा काढला. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये विंटेज गाड्यांचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नोंदणीची फी 20,000 रुपये आणि मुदत दहा वर्षं.

भाचा: मूळ रूपात, मामाजी. डबी बसवली की गेलं मूळ रूप.

मामा: कायद्यात काय लिहिलं आहे, ते वाच.

भाचा: चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नको.

मामा: पॉईंट म्हणजे चासी आहे का?

भाचा: तपासणारा मोजमाप करत बसत नाही, बोनट उघडून बघतो.

मामा: अन् व्हीए नंबर लागल्यावर ही गाडी शनिवारी जामसावळीले नेता येईल का? घरच्यांची तेवढीच तं इच्छा आहे. लग्नानंतर आजोबा-आजी हिच्यातूनच हनुमानाच्या दर्शनाले गेले होते.

भाच्याला उत्तर देता आलं नाही. त्या नोंदणीवर गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही. सौंसरजवळच्या जामसावळीला दर शनिवारी जायचं तर साध्या नोंदणीचंच नूतनीकरण करून ठेवावं लागेल. म्हणजे ओरिजनलचा आग्रह धरण्याआधी गाडी कशासाठी हवी, हे मालकाला विचारायला हवं होतं. दोघांपैकी ते मामांनी विचारलं होतं.

एवढा वेळ बोलणं चालू असताना मामांचे हात थांबले नव्हते. त्यांनी टेस्ट लॅम्प काढला. एक टोक कॉईलच्या पॉईंटकडच्या टर्मिनलला, दुसरं बॉडीला. भाच्याने सेल्फ मारला. पॉईंट उघडझाप करत असतील तर दिवा लुकलुकायला हवा. तो नुसता पेटून राहिला. म्हणजे प्रवाह पॉईंटमधून बॉडीला पोचतच नव्हता. पॉईंट घासले, तरी तेच. मग मामांनी डिस्ट्रिब्युटरच्या बाजूने आत जाणारी कापडी आवरणाची वीतभर वायर चिमटीत धरून ओढली. ती रबरासारखी लांबली. आतली तांब्याची तार तुटलेली होती, कापडाने तेवढी धरून ठेवली होती. नवी वायर टाकली, अर्ध्या तासात इंजिन बोललं. पॉईंट गाडीतलेच, कंडेन्सर नवा, रोटर परीक्षा पास झालेला. प्लगची फट मामांनी हॅकसॉच्या पात्याने बघितली. ते पातं पंचवीस थाऊचं असतं, आणि या इंजिनाच्या प्लगला फट तेवढीच लागते.

भाचा: म्हणजे पॉईंट बदलायची गरजच नव्हती.

मामा: माह्या डबीचीही नव्हती. पण ऐकून पाह्य, खाली उतरल्यावर डगमगते ना?

गाडी आयडलवर एकसारखी चालत नव्हती. मामांनी कॅप काढून रोटरचा शाफ्ट बोटांनी आडवा हलवला. हलला. खालचा बुश झिजला होता. शाफ्ट असा डुलतो तेव्हा चार सिलिंडरना चार वेगवेगळ्या फटी मिळतात. फिलर गेजने एका जागी पंधरा थाऊ नेमकी लावली तरी दुसऱ्या जागी ती बारा होते, तिसऱ्या जागी अठरा.

मामा: म्हणून सांगतो, चुंबकवाली डबी लाव. तिले एवढ्या डुलण्याचं काही वाटत नाही.

भाचा: म्हणजे रोग तसाच ठेवायचा आणि ताप दिसू द्यायचा नाही. तुमच्या पेटीतल्या तिसऱ्या डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट बघू. तो सरळ असेल तर नागपुरात लेथवर ब्रॉन्झचा बुश काढून घेऊ. वजनाच्या स्प्रिंगा आणि व्हॅक्यूमचा पडदाही तपासू. मग पॉईंट लावा की डबी, माझं काही म्हणणं नाही.

मामा: मंग पॉईंटच लावू. बुश नवा असंन तं पॉईंट काय वाईट आहे?

दोघांनी अशी बाजू बदलली तरी वाद मिटला नाही. मामा अजूनही म्हणतात की घाटात रोज जाणाऱ्या माणसाने डबीच लावावी. भाचा अजूनही खोक्यातल्या जुन्या मालाच्या मागे आहे. माझा कौल विचाराल तर पॉईंट, रोटर, कॅप आणि कंडेन्सर ही झिजायची, बदलायची चीज आहे. ती जुन्या खोक्यातली असल्याने गाडीची किंमत वाढत नाही आणि नवी असल्याने कमी होत नाही. चांगली आहे का, एवढंच तपासावं. डिस्ट्रिब्युटरची बॉडी आणि शाफ्ट मात्र हिंदुस्थानात नव्याने कोणी ओतून देणार नाही. त्यांच्यावर पैसा आणि वेळ खर्च करावा. डबी बसवायचीच असेल तर बॉडीला भोक न पाडता बसणारी घ्यावी, आणि काढलेला पार्ट चिठ्ठी लावून ठेवावा.

आणि एक विनंती. सौंसर, पांढुर्णा, सावनेर, काटोल या पट्ट्यात ज्यांच्या घरी पूर्वी पेट्रोलची जीप, फियाट किंवा ॲम्बेसेडर होती, त्यांनी गोदाम झाडताना लोखंडी पेटी उघडून बघावी. काळ्या टोपीची, पाच वायरींची वस्तू निघाली तर कबाड्याला किलोवर देऊ नका. बॉडीवरचा नंबर कागदावर उतरवा आणि गावातल्या एखाद्या जुन्या मिस्त्रीला दाखवा. त्याला गिऱ्हाईक माहीत असतं.